अमेरिकेत ट्रक चालवायला इंग्रजी किती यावं लागतं? नियम, रस्त्यावरची तपासणी आणि तयारीची पद्धत

२५ जून २०२५ पासून अमेरिकेच्या महामार्गांवर एक मोठा बदल झाला. ड्रायव्हरला पुरेसं इंग्रजी येत नाही असं तपासणी अधिकाऱ्याच्या लक्षात आलं, तर आता नुसती नोंद करून त्याला सोडून देत नाहीत. त्याला स्टिअरिंगवरून उतरवतात, आणि दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत गाडी जागेवर उभी राहते. तिथल्या भाषेत याला ‘आउट ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. २०२५ मध्ये ऑक्टोबर संपेपर्यंत ७ हजारांहून जास्त ड्रायव्हर या कारणावरून उतरवले गेल्याचं अमेरिकेचे वाहतूकमंत्री शॉन डफी यांनी जाहीर केलं होतं.

अमेरिकेतल्या भारतीय ट्रकवाल्यांमध्ये पंजाबी मंडळी सर्वाधिक आहेत. त्यांच्या संस्था, गुरुद्वारे आणि ट्रेनिंग स्कूल यांनी आपल्या लोकांसाठी पंजाबीतून वर्ग घेतले, माहिती छापली. मराठी ड्रायव्हर संख्येने थोडे आणि विखुरलेले आहेत. त्यांच्यासाठी, तसंच भारतात बसून रात्रपाळीत अमेरिकी ट्रक कंपन्यांचं डिस्पॅच, म्हणजे ड्रायव्हरना माल आणि मार्ग नेमून देण्याचं काम, सांभाळणाऱ्यांसाठी आणि ‘अमेरिकेत ट्रकवर जायचंय’ असं मनात असणाऱ्यांसाठी ही माहिती मराठीत एका जागी असावी, म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची सगळी तयारी तिच्यावर उभी आहे. ही व्याकरणाची परीक्षा नाही. समोरच्याने विचारलेलं तुम्हाला समजतं का, आणि तुम्ही सांगितलेलं त्याला समजतं का, एवढंच पाहिलं जातं. त्यामुळे पाठ केलेली वाक्यं इथे फार काळ टिकत नाहीत. स्वतःची गाडी, स्वतःचा माल आणि स्वतःचा रस्ता यांबद्दल ज्याला बोलता येतं, तो तुटक इंग्रजीतही पार पडू शकतो.

नियमात नेमकं काय लिहिलंय

अमेरिकेच्या फेडरल नियमावलीतल्या ४९व्या भागात कलम ३९१.११ आहे. ड्रायव्हरला चार गोष्टींपुरतं इंग्रजी वाचता आणि बोलता आलं पाहिजे, असं त्यात म्हटलंय: सर्वसामान्य लोकांशी बोलणं, रस्त्यावरच्या इंग्रजी पाट्या आणि सिग्नल समजणं, अधिकाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर देणं, आणि अहवाल व नोंदवह्यांत लिहिणं. कलमात कुठल्या परीक्षेचं नाव नाही, गुणांची अट नाही, उच्चार कसा असावा याबद्दल एक शब्द नाही. ‘पुरेसं’ एवढाच निकष आहे. या निकषाची ताकद त्यातच आहे आणि अडचणही त्यातच, कारण पुरेसं म्हणजे किती हे ठरवणारा माणूस रस्त्यावर तुमच्यासमोर उभा असतो.

हा नियम १९३० च्या दशकापासून आहे. अंमलबजावणी मात्र कधी कडक, कधी सैल राहिली. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या तपासणी यंत्रणांची मिळून एक संघटना आहे, कमर्शियल व्हेइकल सेफ्टी अलायन्स. गाडी किंवा ड्रायव्हर जागेवर कधी थांबवायचा याचे निकष ती ठरवते. २००५ मध्ये तिने इंग्रजीचा मुद्दा या निकषांत घेतला आणि २०१५ मध्ये काढून टाकला. २०१६ मध्ये फेडरल मोटर कॅरिअर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएमसीएसए, या खात्यानेही आपल्या अधिकाऱ्यांना कळवलं की नोंद करा, पण ड्रायव्हरला थांबवू नका. पुढची नऊ वर्षं तसंच चाललं. २८ एप्रिल २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला, मे महिन्यात एफएमसीएसएने २०१६ चं धोरण रद्द करून नवं आणलं, आणि अलायन्सने हा मुद्दा २५ जूनपासून पुन्हा निकषांत घेतला.

त्यानंतर १२ ऑगस्टला फ्लोरिडा टर्नपाइकवर एक अपघात झाला. फक्त सरकारी वाहनांसाठी राखून ठेवलेल्या जागेतून एका ट्रकने यू-टर्न घेतला, ट्रेलर आडवा आला आणि त्यावर आदळलेल्या गाडीतले तिघे मरण पावले. ड्रायव्हर भारतीय होता. अपघातानंतर त्याची इंग्रजी चाचणी घेतली. त्यात १२ तोंडी प्रश्नांपैकी २ बरोबर आले आणि ४ पाट्यांपैकी १ ओळखता आली, असं परिवहन खात्याने जाहीर केलं. त्याआधी जुलैत न्यू मेक्सिकोत वेगमर्यादा मोडल्याबद्दल त्याला अडवलं होतं, पण तेव्हा भाषेची चाचणी झाली नव्हती. या एका घटनेनंतर राज्यांवरचा दबाव वाढला. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन आणि न्यू मेक्सिको यांना नोटिसा गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाचा ४ कोटी डॉलरहून जास्त निधी अडवला गेला. त्यामुळे ‘अमुक राज्यात कोणी विचारत नाही’ या ऐकीव माहितीवर आता विसंबून राहू नका.

तो यू-टर्न ही मुळात चालवण्यातली चूक होती. सगळं खापर भाषेवर फोडणं मला पटत नाही. पण मनाईच्या सूचना तिथे अनेकदा चित्राने नाही, शब्दांनी दिलेल्या असतात, ही गोष्ट खरीच आहे. तिच्याकडे पुढे येतो.

पायरी पहिली: नियम तुम्हाला लागू होतो का ते पाहा

पुष्कळांना वाटतं, हा नियम फक्त अठरा चाकी ट्रेलरवाल्यांसाठी आहे. तसं नाही. १०,००१ पौंड, म्हणजे सुमारे ४,५३६ किलो किंवा त्याहून जास्त क्षमतेची गाडी धंद्यासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेत असाल, तर नियम लागू होतो. अशा कित्येक गाड्यांना व्यावसायिक लायसन्स, म्हणजे सीडीएल, लागतही नाही. भाड्याने बॉक्स ट्रक घेऊन घरसामान हलवणारे किंवा पिकअपला लांब ट्रेलर जोडून माल पोचवणारे यांत येतात. प्रवासी बसचे ड्रायव्हरही येतात. राज्याच्या हद्दीतच चालवणाऱ्यांना त्या राज्याचा कायदा लागतो, पण बहुतेक राज्यांनी फेडरल नियम जवळपास जसेच्या तसे घेतले आहेत.

टोरंटो किंवा ब्रॅम्प्टनहून माल घेऊन अमेरिकेत शिरणाऱ्या ड्रायव्हरलाही सूट नाही. लायसन्स कॅनडाचं चालतं, इंग्रजीची अट मात्र अमेरिकेची.

दोन अपवाद आहेत. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या ठरावीक व्यापारी पट्ट्यात चालवणाऱ्यांची फक्त नोंद होते, त्यांना उतरवत नाहीत. आणि ज्यांना श्रवणाच्या अटीतून सूट मिळालेली आहे, ज्यांना इंग्रजी लिहितावाचता येतं, त्यांना केवळ बोलता येत नाही म्हणून नापास करत नाहीत.

पायरी दुसरी: रस्त्यावर काय घडतं ते क्रमाने समजून घ्या

वजनकाट्यावर किंवा रस्त्याकडेला तुम्हाला थांबवलं की अधिकारी बोलायला सुरुवात इंग्रजीतूनच करतो. तसा त्याला आदेश आहे. भाषेची वेगळी चाचणी सगळ्यांची होत नाही. पहिल्या बोलण्यात ड्रायव्हर गोंधळला, प्रश्न एक आणि उत्तर भलतंच आलं, किंवा त्याने नुसती मान हलवली, तरच अधिकारी चाचणीकडे वळतो. म्हणजे पहिली दोन-तीन वाक्यं निर्णायक ठरतात.

चाचणीचे दोन टप्पे आहेत. पहिला म्हणजे तोंडी मुलाखत. या वेळी दुभाषा चालत नाही. मोबाइलवरचं भाषांतराचं ॲप चालत नाही, लिहून आणलेली कार्डं चालत नाहीत, फोनवर दुसऱ्याला घेणं चालत नाही. शेजारी बसलेल्या जोडीदाराने मध्ये बोलू नये. तो प्रेमाने मदत करायला जातो आणि तुमचं नुकसान करून ठेवतो. दुसरा टप्पा पाट्या ओळखण्याचा, त्यात दिव्यांच्या फलकावरचे संदेशही येतात. पहिल्याच टप्प्यात नापास झालात तर दुसरा घेण्याची गरज अधिकाऱ्याला नसते. प्रश्नांची सरकारी यादी लोकांसाठी खुली नाही. ‘हमखास येणारे १२ प्रश्न’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

भाषेचा आग्रह का, याचं मला सर्वांत पटणारं कारण या तपासणीतच दिसतं. पूर्ण तपासणीला ‘लेव्हल वन’ म्हणतात, तिच्यात ३७ टप्पे असतात. अधिकारी गाडीखाली सरपटत जातो आणि ब्रेकच्या पुशरॉडची हालचाल मोजतो. त्या वेळी तो खालून ओरडून सांगतो: ब्रेक दाबून धरा, सोडा, पार्किंग ब्रेक काढा, स्टिअरिंग हलवा. ज्याच्या हातात गाडी आहे त्याने ‘होल्ड’ ऐवजी ‘रिलीज’ ऐकलं, तर खाली माणूस आहे. ड्रायव्हर म्हणून एवढं समजून घेतलं की ही तपासणी अपमान वाटत नाही.

पायरी तिसरी: कानांची तयारी, आधी सूचना आणि मग प्रश्न

बहुतेक जण आधी बोलण्याचा सराव करतात. मी उलटा क्रम सांगेन. आधी ऐकायला शिका, कारण सूचना न समजता केलेली चुकीची कृती अधिकाऱ्याला लगेच दिसते.

या सूचना कानावर पक्क्या बसल्या पाहिजेत: ‘शट ऑफ द इंजिन’, ‘सेट युवर पार्किंग ब्रेक’, ‘रिलीज द ब्रेक्स’, ‘अप्लाय अँड होल्ड’, ‘पुट इट इन न्यूट्रल’, ‘टर्न ऑन युवर लेफ्ट सिग्नल’, ‘फोर वेज ऑन’ म्हणजे चारही इंडिकेटर, ‘पॉप द हूड’ म्हणजे बॉनेट उघडा, ‘चॉक द व्हील्स’ म्हणजे चाकाला उटी लावा, ‘स्टे इन द कॅब’, ‘स्टेप आउट’. आपण ‘बॉनेट’ म्हणतो, ते ‘हूड’ म्हणतात. आपण ‘टायर पंक्चर’ म्हणतो, ते ‘फ्लॅट’ म्हणतात. ‘डिझेल’ सारखंच आहे, पण ‘पेट्रोल’ तिथे ‘गॅस’ होतं.

कोणाला तरी या सूचना वेगवेगळ्या क्रमाने, थोड्या घाईत म्हणायला सांगा आणि तुम्ही उभ्या गाडीत त्या करून दाखवा. हात आपोआप योग्य जागी जाईपर्यंत करा. माणूस नसेल तर फोनवर रेकॉर्ड करून क्रम उलटसुलट लावा.

मग प्रश्न. ते पाच विषयांभोवती फिरतात: प्रवास, माल, कामाचे तास, गाडी आणि कागद. अडचण अशी की एकच प्रश्न दहा तऱ्हांनी येतो. ट्रेलरमध्ये काय आहे हे विचारताना एक अधिकारी म्हणेल ‘व्हॉट आर यू हॉलिंग?’, दुसरा ‘व्हॉट हॅव यू गॉट इन द बॉक्स?’, तिसरा ‘व्हॉट्स युवर लोड टुडे?’ एकच वाक्य पाठ असलेला ड्रायव्हर दुसऱ्या तऱ्हेला अडखळतो. म्हणून प्रत्येक विषयाचे निदान चार प्रकार ऐकून ठेवा:

प्रवास: ‘व्हेअर आर यू कमिंग फ्रॉम?’, ‘व्हेअर डिड यू पिक अप?’, ‘व्हेअर यू हेडेड?’, ‘व्हेन आर यू सपोज्ड टू डिलिव्हर?’

तास: ‘व्हॉट टाइम डिड यू स्टार्ट टुडे?’, ‘हाऊ मेनी अवर्स यू गॉट लेफ्ट?’, ‘व्हेन वॉज युवर लास्ट ब्रेक?’, ‘व्हाय वेअर यू ऑन ड्युटी हिअर?’ या शेवटच्या प्रश्नाच्या वेळी अधिकारी तुमच्या लॉगवर, म्हणजे कामाच्या तासांच्या नोंदीवर, बोट ठेवून उभा असतो.

गाडी: ‘डिड यू डू युवर प्री-ट्रिप?’ (निघण्याआधीची गाडीची तपासणी), ‘एनी प्रॉब्लेम्स विथ द ट्रक?’, ‘हू ओन्स द ट्रेलर?’, ‘इज द लोड सिक्युअर्ड?’

तासांच्या प्रश्नावर जास्त मेहनत घ्या. नियम असे: सलग १० तास विश्रांती झाल्यावर काम सुरू केल्यापासूनच्या १४ तासांत जास्तीत जास्त ११ तास चालवता येतं, ८ तास चालवून झाल्यावर ३० मिनिटांचा खंड हवा, आणि आठवडाभर चालणाऱ्या कंपनीत ८ दिवसांत ७० तासांची मर्यादा. हे तुम्हाला माहीत असतंच. पण ‘मी सकाळी सहाला निघालो, साडेदहाला शिपरकडे दोन तास थांबलो, आता चार तास शिल्लक आहेत’ हे न अडखळता इंग्रजीत सांगता येतं का, ते तपासा. रोज रात्री गाडी लावल्यावर आपलाच दिवस लॉग समोर ठेवून मोठ्याने इंग्रजीत सांगायचा. माझ्या मते सगळ्या सरावांत हा सर्वांत उपयोगी आहे. विषय रोज नवा मिळतो आणि शब्द तेच राहतात.

समजलं नाही तर गप्प बसू नका आणि उगाच ‘येस, येस’ म्हणू नका. चुकीच्या जागी आलेला ‘येस’ घातक ठरतो: ‘मालात काही धोकादायक आहे का’ याला कोणी सवयीने ‘येस’ म्हटलं की सगळी तपासणी वेगळ्या दिशेला जाते. अशा वेळी ‘सॉरी ऑफिसर, कुड यू से दॅट अगेन, स्लोली?’ असं स्पष्ट विचारा. हे वाक्यसुद्धा इंग्रजीच आहे, आणि ते तुमच्या बाजूने मोजलं जाऊ शकतं. प्रत्येक प्रश्नाला तेच म्हणालात तर मात्र उलटं होईल.

आकडे वेगळे घोटून घ्या. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, ‘एटीन’ आणि ‘एटी’ यांत शेवटच्या अक्षरावर जोर कुठे आहे ते ऐका. इंटरस्टेट ८० वर असताना ‘एटीन’ म्हणालात तर अधिकारी चक्रावेल. तारीख सांगताना तिथे महिना आधी येतो: कागदावर ०७/०३ असेल तर ती ३ जुलै, ७ मार्च नव्हे. बिल्टीवरच्या तारखेचा घोळ इथेच होतो.

पायरी चौथी: शब्दांच्या पाट्या

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर किंवा कसारा घाटात चालवलेल्या माणसाची नजर चित्रांना सरावलेली असते. आपल्याकडच्या पाट्या मुख्यतः चिन्हांच्या: गोलात बाण, त्रिकोणात वळण. भाषा न येणाऱ्यालाही त्या कळतात. अमेरिकेतही चिन्हं आहेत, पण ट्रकवाल्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या कितीतरी पाट्या नुसत्या शब्दांच्या असतात. वर एकक वेगळं: फूट, इंच, मैल, पौंड.

सरावासाठी पाट्यांचे गट करा, पण ते रंगांवरून करू नका. ‘ही पाटी पाहिल्यावर मी काय करणार’ यावरून करा.

न शिरण्याच्या: ‘डू नॉट एंटर’, ‘राँग वे’, ‘नो ट्रक्स’, ‘नो थ्रू ट्रक्स’, ‘ऑथोराइज्ड व्हेइकल्स ओन्ली’, ‘हॅझार्डस मटेरियल्स प्रोहिबिटेड’. ‘नो थ्रू ट्रक्स’ म्हणजे त्या भागात माल द्यायचा असेल तरच जा, आरपार जायला वापरू नका. हा फरक सांगता आला पाहिजे.

उंची आणि वजनाच्या: ‘लो क्लिअरन्स’, ‘वेट लिमिट’. तिथल्या ट्रेलरची उंची साधारण १३ फूट ६ इंच, म्हणजे ४.११ मीटर असते. पाटीवर १२ फूट ६ इंच लिहिलं असेल तर तुम्ही पुलाखालून जाणार नाही, हे क्षणात कळलं पाहिजे. मीटरमध्ये हिशोब करायला वेळ नसतो. इंटरस्टेटवर एकूण वजनाची सर्वसाधारण मर्यादा ८०,००० पौंड, सुमारे ३६ टन.

घाटाच्या: ‘स्टीप ग्रेड’, ‘ट्रक्स यूज लोअर गिअर’, ‘रनअवे ट्रक रॅम्प’ (ब्रेक निकामी झालेला ट्रक थांबवण्यासाठीची बाजूची वाट), ‘ब्रेक चेक एरिया’, ‘चेन्स रिक्वायर्ड’. बोरघाटात गाडी उतरवलेल्याला पहिल्या तिन्ही गोष्टी अनुभवाने कळतात, फक्त शब्द जोडायचे. चेनची गोष्ट वेगळी आहे. बर्फावर टायरना साखळ्या बांधणं हे आपल्या महाराष्ट्रात कोणी केलेलं नसतं. ‘ब्रिज आयसेस बिफोर रोड’ ही पाटीही तशीच: पुलाला खालून आणि वरून दोन्हीकडून थंड हवा लागते, म्हणून रस्ता कोरडा असतानाही पुलावर बर्फाचा थर आधी धरतो. कारण समजलं की ती पाटी विसरली जात नाही.

कामाच्या जागेच्या, नारिंगी: ‘रोड वर्क अहेड’, ‘फ्लॅगर अहेड’, ‘बी प्रिपेअर्ड टू स्टॉप’, ‘लेन एंड्स, मर्ज लेफ्ट’, ‘डीटूर’, ‘सॉफ्ट शोल्डर’. शेवटच्या पाटीचा अर्थ, रस्त्याकडेची माती भुसभुशीत आहे, चाक उतरवू नका.

ट्रकांसाठी हुकमाच्या: ‘वेट स्टेशन, ऑल ट्रक्स मस्ट एक्झिट’, ‘ट्रक्स यूज राइट लेन’.

दिव्यांच्या फलकांवर संदेश बदलत राहतात, त्यामुळे पाठांतर इथे कामाचं नाही. ‘क्रॅश अहेड, लेफ्ट टू लेन्स क्लोज्ड’, ‘हाय विंड्स, एम्प्टी ट्रेलर्स यूज ऑल्टरनेट रूट’ अशा संदेशांत क्रियापद आणि जागा शोधायची सवय लावा: काय झालंय, कुठे, मी काय करायचं. सगळ्या अधिकृत पाट्या असलेली फेडरल पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते, आणि तुमच्या राज्याचं सीडीएल मॅन्युअलही. पैसे देऊन क्लास लावण्याआधी ही दोन पुस्तकं उघडा. मोकळ्या वेळात शेजारच्या सीटवर बसून प्रवास करत असाल, तर दिसेल ती पाटी मोठ्याने वाचा आणि एका इंग्रजी वाक्यात सांगा: ‘माय लेन इज एंडिंग, आय हॅव टू मूव्ह लेफ्ट.’

पायरी पाचवी: लिहिणं

याकडे फार दुर्लक्ष होतं. लॉग आता इलेक्ट्रॉनिक झाले, बोटाने दाबलं की झालं, असं वाटतं. पण उपकरण बंद पडलं तर कागदी लॉग भरावा लागतो, त्यासाठी किमान ८ दिवसांचे कोरे तक्ते गाडीत ठेवणं बंधनकारक आहे. लॉगमध्ये दुरुस्ती केली तर कारण लिहावं लागतं. अधिकारी लॉगची फाइल मागवताना एक कोड सांगतो, तो नीट ऐकून टाइप करावा लागतो. म्हणून इंग्रजी अक्षरं आणि आकडे ऐकून लिहिण्याचा सराव करा. ॲपची भाषा बदलायची सोय असली तरी इंग्रजीच ठेवा.

गाडीतल्या दोषाचा रोजचा अहवाल मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरला दोष सापडला तरच द्यावा लागतो. म्हणजे लिहायची वेळ येते ती काहीतरी बिघडलेलं असतानाच. ‘लेफ्ट रिअर मार्कर लाइट नॉट वर्किंग’, ‘एअर लीक नीअर ट्रेलर ग्लॅड हँड’ (ग्लॅड हँड म्हणजे ट्रेलरच्या हवेच्या नळीचा जोड), ‘राइट मड फ्लॅप मिसिंग’ अशी दहा-पंधरा छोटी वाक्यं स्वतःच्या हाताने लिहून काढा. पूर्ण वाक्याची गरज नाही. कुठे आणि काय, एवढं आलं की पुरे.

लायसन्सच्या वेळीच लक्ष द्या

सीडीएलच्या लेखी परीक्षा इतर भाषांत घेण्याची मुभा राज्यांना अनेक वर्षं होती. त्यामुळे काही जण लेखी परीक्षा आपल्या भाषेत पास झाले आणि इंग्रजी मागे राहिलं. गाडी चालवून दाखवायच्या चाचणीत मात्र दुभाषा चालत नाही, परीक्षकाच्या इंग्रजी सूचना समजाव्याच लागतात. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नवख्या ड्रायव्हरला सरकारी यादीत नोंदवलेल्या संस्थेतच प्रशिक्षण घ्यावं लागतं. शाळा निवडताना इंग्रजीतून शिकवणारी घ्या, आपल्या माणसाची असली तरी. आपल्या भाषेत शिकून महिनाभर लवकर रस्त्यावर येण्यात काही फायदा नाही.

मालक आणि डिस्पॅचर यांचं काम

इंग्रजी न येणाऱ्या ड्रायव्हरला गाडी देणं हा कंपनीचाही दोष धरला जातो. नेमणुकीच्या वेळी अर्ज ड्रायव्हरने स्वतः भरावा, मुलाखत इंग्रजीत घ्यावी, पाट्या दाखवून विचाराव्यात आणि त्याची तारखेसह नोंद त्याच्या फाइलमध्ये ठेवावी. भारतातून डिस्पॅच करणारे आपल्या ड्रायव्हरशी आपल्या भाषेत बोलतात, आणि ते साहजिकच आहे. पण लोड देताना निदान पत्ता, वेळ, वजन आणि मालाचं नाव इंग्रजीत सांगा आणि त्याच्याकडून पुन्हा वदवून घ्या. त्याचा रोजचा सराव फुकटात होतो. आणि ड्रायव्हर तपासणीत उभा असताना त्याला फोन करू नका. त्याच्या कानाला फोन दिसला की अधिकाऱ्याला शंका येणारच.

थांबवलंच तर

गाडी हलवू नका. हे अगदी ठामपणे सांगतो. कामाचे तास संपल्यामुळे थांबवलेला ड्रायव्हर १० तास झोपून पुन्हा निघू शकतो. इंग्रजीमुळे थांबवलेल्याला ती सोय नाही, झोपून इंग्रजी येत नाही. आदेश मोडून गाडी चालवल्याचं सिद्ध झालं, तर पहिल्याच वेळी सीडीएल १८० दिवसांपासून एक वर्षापर्यंत जाऊ शकतं, दुसऱ्या वेळी २ ते ५ वर्षं. ‘पुढच्या ट्रक स्टॉपपर्यंत फक्त नेतो’ असं कोणी सुचवलं तरी ऐकू नका, मग तो मालक का असेना.

कंपनीला कळवा, दुसरा ड्रायव्हर मागवा. माल नाशवंत असेल तर ते आधी सांगा. तपासणी अहवालाची प्रत घ्या आणि २४ तासांत कंपनीकडे पोचवा. कंपनीला त्यावर सही करून तो १५ दिवसांत परत पाठवावा लागतो. घटना ताजी असताना काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, किती पाट्या दाखवल्या, हे आपल्या मराठीत सविस्तर लिहून ठेवा. केबिनमधल्या कॅमेऱ्यात आवाज रेकॉर्ड झाला असेल तर ती फाइल जपा.

अधिकाऱ्याचा निर्णय चुकीचा वाटत असेल तर एफएमसीएसएच्या ‘डेटा-क्यूज’ या ऑनलाइन यंत्रणेत नोंदीला आव्हान देता येतं. ड्रायव्हर स्वतः अर्ज करू शकतो. रागाने लिहिलेला अर्ज चालत नाही. तारीख, जागा, अहवालाचा क्रमांक, घडलेलं क्रमवार आणि पुरावा एवढंच लिहा. नोंद तशीच राहिली तर ती तपासण्यांच्या इतिहासात तीन वर्षं दिसते, आणि नवी कंपनी नोकरी देण्याआधी तो इतिहास पाहू शकते. म्हणून आव्हान द्यायचं असेल तर आठवडे घालवू नका. त्याच वेळी इंग्रजीचा वर्गही लावा. अमेरिकेत अनेक सार्वजनिक वाचनालयं आणि कम्युनिटी कॉलेज प्रौढांसाठी इंग्रजीचे वर्ग मोफत किंवा नाममात्र पैशांत घेतात.

महाराष्ट्रातून जायचा विचार असेल तर

इथलं अवजड वाहनाचं लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परमिट यांवर अमेरिकेत मालवाहू ट्रक चालवता येत नाही. परदेशी लायसन्सांपैकी फक्त कॅनडा आणि मेक्सिकोचीच व्यावसायिक लायसन्स तिथे मानली जातात. २१ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांनी ट्रक ड्रायव्हरांसाठीचे कामाचे व्हिसा तात्काळ थांबवत असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबरमध्ये परदेशी नागरिकांना सीडीएल देण्याचे नियम फार आवळले गेले आणि नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली; हे प्रकरण सतत हलत असतं. कोणी एजंट ‘व्हिसा पक्का, इंग्रजी लागत नाही, तिथे आपलीच माणसं आहेत’ म्हणत असेल, तर त्यातल्या दुसऱ्या वाक्याचं खोटेपण तुम्ही आता स्वतः दाखवू शकता. पैसे देण्याआधी व्हिसाचा नेमका प्रकार कागदावर मागा आणि तो अमेरिकी दूतावासाच्या संकेतस्थळावर तपासा. तो प्रकार तिथे ट्रक ड्रायव्हरसाठी दिलेला नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.